दोन लॅपटॉप, एक म्हातारा इन्व्हर्टर आणि पंख्याचा हिशोब

पत्र असं आहे:

"दादा, मी देवगड तालुक्यातली. मार्च ते मे घरच्या हापूसच्या पेट्यांच्या ऑर्डरी, बिलं, कुरिअरची लेबलं सगळं मी बघते, आणि बाकीचं वर्ष घरनंच पुण्याच्या एका सीएंचं टॅलीचं काम करते. मोबाईलवर बागेचे व्हिडिओ काढून रील पण बनवते, महिन्याला चार-पाच. जुना लॅपटॉप आता नुसता चालू व्हायला दहा मिनिटं घेतो. दुकानात दोन बघून आले, दोन्ही १६ जीबी रॅम, ५१२ची एसएसडी. एकात इंटेल आय५ १२४५०एच आहे, बॅटरी ४२ वॉट-अवर. दुसऱ्यात रायझन ५ ७५३०यू, बॅटरी ५० वॉट-अवर, आणि तो दोन हजारांनी महाग. दुकानदार म्हणतो पहिला घे, ८ कोअर आहेत, दुसऱ्यात ६च, शिवाय एच म्हणजे हाय परफॉर्मन्स. मुंबईचा चुलतभाऊ म्हणतो रायझन एएमडी कंपनीचं, एएमडी तापतं, घ्यायचाच तर मॅक घे. आमच्याकडे पावसात लाइटचा भरवसा नाही, इन्व्हर्टरची बॅटरी सहा वर्षांची झालीय. डोकं भणाणलंय. काय घेऊ? — दोघांत अडकलेली."

बाय, तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ शेवटची आहे, इन्व्हर्टरची, आणि मला खात्री आहे की दुकानात तू ती बोललीच नसशील, कारण दुकानात गेलं की आपण सगळे कोअर, जीबी नि डिस्काउंट यातच घुसतो. आमच्याकडे कोणी लॅपटॉप घ्यायला आलं की मी पहिलं एवढंच विचारतो, तुका काय व्हया ता आधी सांग, आणि लाइट किती वेळ जाते ता पण सांग. त्याच्यानंतर प्रोसेसर.

उत्तर आधीच सांगून टाकतो म्हणजे तुझा जीव टांगणीला नको. तुझ्या कामाला रायझनवाला घे. पण का ते नीट वाच, कारण कारण कळलं नाही तर दुकानात उभी राहून पुन्हा मत बदलशील.

आधी ते ८ आणि ६चं मिटवू. कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतले काम करणारे गडी. १२४५०एचमधले ८ कोअर एकसारखे नाहीत. त्यातले ४ मोठे, परफॉर्मन्स कोअर म्हणतात त्यांना, आणि ४ छोटे, एफिशियंट कोअर. मोठा कोअर एकावेळी कामाचे दोन धागे, म्हणजे थ्रेड, हाताळतो, छोटा एकच, म्हणजे आठ अधिक चार, एकूण १२ थ्रेड. ७५३०यूमध्ये ६ कोअर, सगळे एकाच मापाचे, प्रत्येकाला दोन धागे, म्हणजे पुन्हा १२च. आंब्याच्या पेट्या टेम्पोत चढवायला एका बाजूला चार बापये आणि चार पोरं, दुसऱ्या बाजूला सहा बापये, असा प्रकार आहे हा, पोरं पण राबतात, नाही असं नाही, पण नुसती डोकी मोजून मजुरी ठरवायला गेलीस तर फसशील.

हां, एकास एक लावलं तर इंटेलचा मोठा कोअर थोडा सरस आहे, ते मान्य करायला पाहिजे. तो २०२२च्या पिढीचा, आणि ७५३०यू जरी २०२३ साली बाजारात आला तरी त्याच्या आतलं डिझाईन झेन ३, जे एएमडीने २०२०च्या शेवटी आणलं होतं. नवीन पाटी, जुनं दुकान. पण दुकान जुनं असलं तरी माल चांगला आहे, आणि टॅलीला किंवा एक्सेलला हा फरक तुला डोळ्यांनी दिसणार नाही. व्हाउचर टाकताना प्रोसेसर बहुतेक वेळ तुझी वाट बघत बसलेला असतो, तू एक आकडा टाइप करून दुसऱ्यावर जाईपर्यंत तो झोपून उठलेला असतो.

आता खरा फरक, नावाच्या शेवटचं अक्षर, एच आणि यू. इंटेल १२४५०एचला मुळात ४५ वॉटचा धरते आणि थोड्या वेळासाठी तो ९५ वॉटपर्यंत जाऊ शकतो. ७५३०यू मुळात १५ वॉटचा. हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत, लॅपटॉप बनवणारी कंपनी आपापल्या पंख्याप्रमाणे ते खालीवर करते, कोणी यूला २५ वॉट देतं, कोणी एचला पातळ बॉडीत कोंबून ३५वर आवळून टाकतं, मग तो नावालाच एच राहतो. तरी पण अंदाज येतो ना.

वॉट म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर काही येत नाही, म्हणून मी घरातला पंखा दाखवतो. तुमच्या माजघरात जो जुना सिलिंग फॅन असेल तो साधारण ७०-७५ वॉट खातो, नवीन बीएलडीसी फॅन तेच वारं तीसेक वॉटमध्ये देतो. माझ्याकडे प्लगमध्ये लावून वॉट मोजायचं छोटं मीटर आहे, त्याच्यावर मी बरेच लॅपटॉप लावून बघितलेत, तर एचवाला लॅपटॉप व्हिडिओ एक्स्पोर्ट करायला लागला की स्क्रीनसकट जुन्या पंख्याएवढा खातो, आणि यूवाला बीएलडीसीच्या आसपास राहतो. नुसतं टायपिंग चालू असेल तर मात्र दोघेही दहा वॉटच्या आतबाहेर, आणि त्यातला बराच हिस्सा स्क्रीनचा. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

म्हणजे सहा वर्षांच्या इन्व्हर्टरवर, जो आता दोन पंखे नि तीन बल्ब कसाबसा दीड-दोन तास ओढत असेल, त्याच्यावर तू अजून एक पंखा चढवणार की अर्धा, एवढाच प्रश्न आहे.

पण थांब, कमी वॉट म्हणजे आपोआप चांगला असं पण नाही, इथे खूप जण चुकतात. कमी खाणारा जर काम करायला तिप्पट वेळ लावत असेल तर काय फायदा. हिशोब वॉट गुणिले वेळ असा करायचा, लाइटबिलात युनिट येतात तसा. समज, आकडे मी सोयीसाठी धरतोय, एक रील एक्स्पोर्ट करायला एचवाल्याला ६ मिनिटं लागली आणि तेवढा वेळ तो ६० वॉट खात होता, तर झाले ६ वॉट-अवर. यूवाल्याला ८ मिनिटं लागली २८ वॉटने, तर झाले पावणेचार वॉट-अवरच्या आत. दोन मिनिटं उशीर झाला, पण बॅटरी दोन-तृतीयांशपेक्षा कमी लागली. ४२ वॉट-अवरच्या बॅटरीत पहिला हे काम ७ वेळा करेल, ५०च्या बॅटरीत दुसरा १३ वेळा. परफॉर्मन्स आणि एफिशियन्सी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत म्हणतात त्या ह्या. पहिली सांगते किती लवकर, दुसरी सांगते कितीच्या मोबदल्यात.

असं का होतं, तर जेटीवर जाऊन कुठल्याही तांडेलाला विचार. बोट निवांत चालवली तर डिझेल पुरतं, पण शेवटचा थोडा वेग काढायला इंजिन पूर्ण दाबलं की वेग वाढतो एवढासा नि डिझेल जातं भसाभस. चिपचं पण तसंच आहे, फक्त कारण वेगळं. वेग वाढवायचा तर व्होल्टेज पण वाढवायला लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यात वेग वाढला तो वेगळा. वेग २० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज १५ टक्के वाढवायला लागलं, तर १.२ गुणिले १.१५ गुणिले १.१५, उत्तर येतं १.५९ च्या आसपास. वीस टक्के वेगाला एकोणसाठ टक्के जास्त वीज. एच चिपला भरपूर वॉट दिले की ती ह्या महागड्या पट्ट्यात पळते, म्हणून युट्यूबवरच्या तुलनेत आलेखातले तिचे बार लांब दिसतात. दोघांना पंधरा-वीस वॉटवर बांधून ठेवलं तर त्या लांब बारमधली बरीच लांबी गायब होते, कारण एचला तिथे पळायला जागाच नसते.

आणि चार्जर काढला की बरेचसे लॅपटॉप प्रोसेसरला आपणहून बांधतातच. रिव्ह्यूवाले बहुतेक सगळे टेस्ट चार्जर लावून करतात. तू मात्र जुलैत लाइट गेल्यावर, बाहेर धो धो पाऊस नि आत काळोख, सीएंचा फोन आलेला की आजच रिटर्न भरायचाय, अशा वेळी तो वापरणार.

अजून एक. ते रिव्ह्यू एसीत बसून करतात, २४-२५ डिग्रीला. तुमच्याकडे मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या पॅकिंग शेडमध्ये ३५च्या वर सहज असेल, आणि नेमका तोच सीझन. चिपची सहनशक्ती ठरलेली असते, १२४५०एचची १०० डिग्री, ७५३०यूची ९५, त्याच्या पुढे जायला लागली की ती स्वतःच वेग कमी करते. खोलीच दहा डिग्रीने गरम म्हणजे वरची दहा डिग्री जागा तू आधीच गमावलीस. जो मुळात कमी उष्णता सोडतो त्याला ह्याचा त्रास कमी. पाच नि दहा मिनिटांच्या टेस्टमध्ये कोण पुढे ते सोड, अर्ध्या तासानंतर कोण दमत नाही ते बघायचं.

ह्यावरनं आठवलं, आपल्याकडे सगळे म्हणतात कोकणातली हवा दमट म्हणून लॅपटॉप तापतो. नाही तापत. दमटपणाने आपला घाम सुकत नाही म्हणून आपण उकडून निघतो, लॅपटॉपला कुठे घाम येतो. त्याला फक्त हवेचं तापमान कळतं. दमटपणा त्याचं दुसरंच वाटोळं करतो, गंज. मी स्वतः एक वर्ष एक लॅपटॉप जून ते ऑगस्ट लाकडी कपाटात ठेवून दिला, म्हटलं जुना आहे, सांभाळून ठेवू, गणपतीत काढला तर चार्जिंगच्या भोकात हिरवं साचलेलं, दोन स्क्रू गंजून बसलेले, आणि पंखा फिरवला तर करकर करायला लागला. सांभाळून ठेवल्यामुळे मेला. म्हणून पावसात रोज थोडा वेळ तरी चालू कर, त्याची त्याची ऊब त्याला कोरडा ठेवते. आणि एचवाल्याचा पंखा जास्त जोरात नि जास्त वेळ फिरतो, म्हणजे तुमच्यासारख्या खाडीकाठच्या घरात खारी हवा, धूळ नि पॅकिंगच्या गवताची कुसं तेवढीच जास्त आत खेचतो, हा मुद्दा कुठल्याच रिव्ह्यूत येत नाही.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. तुझं वर्षातलं बहुतेक काम हलकं आहे, टॅली, व्हॉट्सअ‍ॅप वेब, लेबलं. त्या कामात दोन्ही प्रोसेसर जवळजवळ सारखेच खातात, त्यामुळे तिथे प्रोसेसरपेक्षा बॅटरी किती मोठी हे महत्त्वाचं. दहा वॉटने ४२ची बॅटरी जेमतेम सव्वाचार तास, ५०ची पाच तास. स्क्रीनचा ब्राइटनेस अर्ध्यावर आणून खर्च सात वॉटवर आणलास तर सहा नि सात तास. म्हणून मला त्या जास्तीच्या दोन हजारांचं वाईट वाटत नाही, त्यातले अर्धे तरी बॅटरीचे आहेत असं समज. इन्व्हर्टरवर भारच टाकायला लागला नाही तर घरात पंखा सुरू राहील नि आई ओरडणार नाही. २०२१च्या मेमध्ये तौक्ते वादळ येऊन गेलं तेव्हा आमच्याकडे चार दिवस लाइट नव्हती, मी १५ वॉटवाला एक जुना लॅपटॉप गाडीच्या बॅटरीवर चार्ज करून लोकांची बिलं काढत होतो, शेजारचा गेमिंग लॅपटॉपवाला पहिल्याच संध्याकाळी गप्प झाला.

रायझनची एक उणी बाजू मात्र तुला सांगितली पाहिजे. त्यातलं ग्राफिक्स, म्हणजे चित्र नि व्हिडिओ सांभाळणारा भाग, 'वेगा' नावाच्या जुन्या पिढीचं आहे. मोबाईलवर काढलेला एचईव्हीसी प्रकारात साठवलेला व्हिडिओ ते व्यवस्थित उलगडतं, पण व्हिडिओ साठवायचा एव्ही१ नावाचा जो नवीन प्रकार आहे तो चिपमधल्या ह्या खास भागाला येत नाही, मग कोअरना राबायला लागतं आणि बॅटरी जास्त जाते. इंटेलच्या ह्या चिपला एव्ही१ बघता येतो, आणि व्हिडिओ बनवायला त्यांचा क्विक सिंक नावाचा चिपमधलाच खास भाग पण चांगला आहे, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरने तो नीट वापरला तर मी वर धरलेला सहा मिनिटांचा आकडा आणखी खाली येईल. महिन्याला चार-पाच रीलला मी ह्याच्यासाठी निर्णय बदलणार नाही. पण तू जर मला लिहिलं असतंस की मी रोज तीन-तीन तास एडिटिंग करते, लग्नाच्या ऑर्डरी घेते, लॅपटॉप टेबलावरनं हलत नाही आणि लाइट नीट असते, तर मी तुला डोळे मिटून एचवाला सांगितला असता. चिप वाईट नाहीये ती, तुझं घर तिच्यासाठी नाहीये.

भावाचं पण बोलू. एएमडी तापतं हे २०१७च्या आधीचं, रायझन यायच्या आधीचं गाणं आहे, तेव्हा त्यात तथ्य होतं, लोकांनी ते पाठ केलं नि अजून म्हणतायत. ह्या जोडीत उलट जास्त उष्णता सोडणारा इंटेलवाला आहे. मॅकचं म्हणशील तर तो सल्ला मूर्खपणाचा नाही, २०२०च्या नोव्हेंबरात आलेल्या मॅकच्या एम१ चिपने कमी विजेत जास्त काम म्हणजे काय हे सगळ्यांना दाखवलं, आणि ती चिप असलेल्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही, म्हणजे खारी हवा आत खेचायचा विषयच संपला. पण टॅली हे विंडोजचं सॉफ्टवेअर, मॅकवर ते चालवायला आडमार्ग काढायला लागतात, आणि सीएंच्या डेडलाइनच्या दिवशी आडमार्ग नको. भावाला टॅली वापरायची नाहीये म्हणून त्याला सुचलं.

दुकानात गेलीस की दोन गोष्टी बघ. रॅम एकच १६ची पट्टी आहे की ८च्या दोन, ते विचार, कारण ह्या लॅपटॉपात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ग्राफिक्स तीच रॅम वापरतं, आणि दोन पट्ट्या म्हणजे दोन रस्ते. रील बनवताना फरक कळतो. एकच असेल आणि शेजारी स्लॉट रिकामा असेल तरी चालेल, पुढे टाकता येईल. आणि घरी आणल्यावर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये बॅटरीवर असताना बेस्ट पॉवर एफिशियन्सी लावून ठेव, लाइट गेल्यावर शोधत बसू नकोस. रात्री झाकण नुसतं मिटून ठेवू नको, शटडाऊन किंवा हायबरनेट कर, हल्लीचे लॅपटॉप झोपल्यासारखे दिसतात पण आतनं जागे राहून बॅटरी पितात नि सकाळी बघावं तर वीस टक्के.

दुसरी गोष्ट नंबराची, आणि ही खरंच पाटीवर लिहून ने. बिलावर नुसतं रायझन ५ असं लिहून घेऊ नकोस, पूर्ण ७५३०यू लिहून घे. त्या चार आकड्यांतला तिसरा आकडा आतली पिढी सांगतो, ३ म्हणजे झेन ३. ह्याचाच एक भाऊ आहे ७५२०यू, नावात एकाच आकड्याचा फरक, पण तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, कोअर ६च्या जागी ४, थ्रेड ८, आणि आतला एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरची हाताशी असलेली छोटी मेमरी, १६ एमबीच्या जागी फक्त ४ एमबी. रॅम पण बोर्डावर चिकटवलेली, नंतर वाढवायची सोय नाही. दोन्हीवर स्टिकर रायझन ५चंच. इंटेलमध्ये पण हेच आहे, बारावी पिढी आय५ म्हटलं की १२४५०एच पण येतो आणि १२३५यू पण, ज्यात २ मोठे नि ८ छोटे मिळून १० कोअर, आणि थ्रेड किती, तर पुन्हा १२च. तुझा दुकानदार कोअरच मोजत असेल तर तो तुला तिसराच लॅपटॉप सर्वांत भारी म्हणून दाखवेल बघ.

लॅपटॉप उघडून घे, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं, बिलाशी जुळव, मगच पैसे दे. आणि काउंटरवरचा पोरगा म्हणाला की ७५३०यू संपलाय, ७५२०यू घेऊन जा, एकच आहे दोन्ही, तर त्याने मागवलेला चहा पिऊन परत ये.